इंजिनाचा ताप आणि त्याची तालीम



ज्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि सावलीतही जीव नकोसा होतो, त्या दिवसांत आम्ही ताप हाच विषय घेऊन आपल्यापुढे यावे, हा श्रोत्यांवर थोडासा जुलूमच आहे. परंतु या विषयाची गोडी समजायला हीच मंडळी आणि हाच ऋतू योग्य, असे आम्हांला वाटते. सौंदडला विमानतळ नाही; येथे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग आहे, रेल्वेचे स्थानक आहे आणि चारी बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. तरीही इंजिन तापणे म्हणजे काय, हे येथील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरचे पाणी उकळले की जाणता ड्रायव्हर घाई करीत नाही. तो ट्रॅक्टर बांधाला लावतो, रेडिएटरचे झाकण लगेच उघडत नाही आणि तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतत नाही. घाई केली तर हात भाजतो, नाहीतर इंजिनाला तडा जातो, हे त्याला ठाऊक असते.

आकाशात मात्र बाजूला घ्यायला बांध नसतो. तेथे इंजिन तापले तर ते तापतच असताना उडत राहावे लागते. म्हणून विमानविद्येत इंजिनाच्या तपमानाचे व्यवस्थापन हा एक स्वतंत्र अभ्यास झाला. आणि या अभ्यासातून असा एक प्रश्न पुढे आला की जो वरवर पाहता विनोदी वाटतो: ज्या विमानात इंजिनच नाही, जे केवळ शिकण्यासाठी बांधलेले लुटूपुटूचे विमान आहे, त्याचे इंजिन कसे तापावे? जे जळत नाही, ते ताप शिकवील काय? आजच्या व्याख्यानात या प्रश्नाचा इतिहास आम्ही मांडणार आहोत.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. दट्ट्याच्या इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरच्या आतील वायूचे तपमान क्षणभर २,००० अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. ज्या ॲल्युमिनियमच्या डोक्याखाली ही आग पेटते, ते ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळते आणि त्याची ताकद २०० अंशांच्या पुढे झपाट्याने घटू लागते. इंधनातील उष्णतेपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा पंख्याच्या कामी येतो. उरलेल्यातील मोठा भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि बाकीचा सिलिंडरच्या भिंतीत आणि तेलात शिरतो. तो वेळेवर बाहेर काढला नाही तर तेल पातळ होते, झडपा जळतात आणि इंधन आपल्या वेळेआधीच भडका घेऊ लागते. थोडक्यात, इंजिन ज्या उष्णतेवर जगते, तिचाच उरलेला भाग त्याच्या जिवावर उठतो.

मानवाच्या पहिल्या यांत्रिक उड्डाणातही हा शत्रू हजर होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी किटी हॉकजवळ जे विमान उडवले, त्याचे चार सिलिंडरांचे इंजिन त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने बांधले होते. त्यात सिलिंडरांभोवती पाणी होते, परंतु ते फिरवणारा पंप नव्हता. इंजिन सुरू होताच सुमारे १६ अश्वशक्ती देई आणि तापले की सुमारे १२ वर येऊन बसे. त्या दिवसाचे सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते, त्यामुळे एवढे भागले.

पुढे उड्डाणे मिनिटांची आणि तासांची झाली आणि निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी केलेल्या ‘नोम’ इंजिनात तर सिलिंडरांचा सारा कडाच पंख्याबरोबर गरगरा फिरे, म्हणजे वारा आपोआप लागे. त्या इंजिनांच्या वंगणासाठी एरंडेल तेल वापरीत, कारण ते पेट्रोलात सहजी विरघळत नाही. आपल्या घरोघरी ज्या तेलाची मुलांना धास्ती असे, त्याच तेलाचा धूर पहिल्या महायुद्धातील वैमानिक तासन् तास नाकातोंडात घेत होते.

१९२८ साली अमेरिकेच्या ‘नाका’ या शासकीय संशोधन संस्थेत फ्रेड विक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती एक विशेष आकाराचे आवरण बसवून पाहिले. ते बसवताच एका विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. तोवर सिलिंडर उघड्यावर वारा खात उभे असत. आता वारा एका वाटेने आत घेऊन, पत्र्याच्या आडोशांनी प्रत्येक सिलिंडराच्या पंखोळ्यांमधून फिरवून मागून बाहेर सोडता येऊ लागला. मागच्या बाजूला झडपा बसवल्या म्हणजे हा वारा कमीजास्त करता येतो. या झडपांना काउल फ्लॅप म्हणतात. झडपा उघडल्या की इंजिन थंड होते, पण विमानाला हवेचा अडथळा वाढतो. मिटल्या की वेग वाढतो, पण इंजिन तापते.

आमच्या मते या इतिहासातील निर्णायक वळण हेच आहे. इंजिन थंड ठेवणे हे तोवर कारखान्यातील रचनाकाराचे काम होते; या झडपा आल्या आणि त्या कामाचा एक हिस्सा वैमानिकाच्या हाती आला. सिलिंडरच्या डोक्याचे तपमान दाखवणारा काटा त्याच्यासमोर लागला. त्याला वागवायच्या गोष्टी चार झाल्या: किती शक्ती घ्यायची, विमान किती वेगाने न्यायचे, झडपा किती उघडायच्या आणि हवा-पेट्रोलाचे मिश्रण किती दाट ठेवायचे. मिश्रण दाट ठेवले तर न जळलेले जादा पेट्रोल उष्णता शोषून घेते. ते हळूहळू पातळ करीत गेले तर धुराचे तपमान वाढत वाढत एका शिखराला पोहोचते आणि मग उतरते. सिलिंडरच्या डोक्याचे तपमान त्या शिखराच्या थोडे अलीकडे, म्हणजे मिश्रण किंचित दाट असतानाच सर्वाधिक होते. म्हणून पेट्रोल वाचवण्याच्या नादात अर्धवट पातळ केलेले मिश्रण कधीकधी सर्वांत घातक ठरते.

हे सारे शिकले नाही, किंवा शिकूनही निसर्गाने मर्यादा ओलांडली, तर काय होते, याचा धडा १९४४ साली आपल्याच उपखंडात मिळाला. गोंदियावरून जी जुनी बंगाल-नागपूर रेल्वे पूर्वेला जाते, तिच्यावरील खरगपूर हे त्या वर्षी अमेरिकेच्या बी-२९ या प्रचंड बॉम्बफेकी विमानांचे ठाणे झाले. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दूधकुंडी अशा धावपट्ट्यांवरून ती उडत. प्रत्येक विमानाला २,२०० अश्वशक्तीची, १८ सिलिंडरांची चार राइट इंजिने होती आणि त्या इंजिनांच्या बांधणीत मॅग्नेशियम हा चटकन पेट घेणारा धातू वापरला होता. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सिॲटल येथे याच जातीच्या एका नमुना-विमानाला इंजिनाची आग लागून प्रख्यात चाचणी-वैमानिक एडी ॲलन आणि त्यांचे सारे सहकारी मृत्युमुखी पडले होते. तरीही युद्धाची निकड अशी की विमाने रवाना झाली.

एप्रिल १९४४ मध्ये ती कराचीला पोहोचू लागली तेव्हा थोड्याच दिवसांत एकामागून एक अपघात झाले आणि सर्व बी-२९ विमाने काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. चौकशीत आढळले की हे इंजिन ११५ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४६ अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या बाहेरील उष्म्यासाठी बांधले होते. त्या धावपट्टीवर उष्मा त्याच्याही पुढे जात होता. मग झडपांत आणि आडोशांत बदल झाले आणि तेल वरच्या सिलिंडरांकडे अधिक पोहोचावे म्हणून नव्या नळ्या बसवल्या गेल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वैमानिकांची रीत बदलली. जमिनीवर इंजिने फार वेळ फिरवायची नाहीत, शक्य तर पहाटेच्या गारव्यात निघायचे आणि जमीन सोडल्यावर लगेच उंची गाठण्याच्या मागे न लागता आधी वेग घ्यायचा. वेग आला की वारा येतो आणि वारा आला की काटा खाली येतो. उंचीचा मोह आवरून वाऱ्याची वाट पाहणे, ही गोष्ट त्या तरुणांना प्रत्यक्ष विमानात, प्रत्यक्ष आगीच्या सान्निध्यात शिकावी लागली.

युद्ध संपले आणि इंजिनाचा आवाज आपल्या नागपूरच्या रात्रीत शिरला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. ही कामगिरी प्रथम डकोटा विमानांनी बजावली. डकोटाला प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची, १४ सिलिंडरांची, हवेने थंड होणारी दोन इंजिने असत. जमिनीवर झडपा पूर्ण उघड्या ठेवायच्या, धावपट्टी सोडताना त्या अर्धवट मिटायच्या, चढताना काट्याकडे लक्ष ठेवायचे आणि उतरताना शक्ती हळूहळू कमी करायची, हा त्या वैमानिकांचा रोजचा पाठ होता. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले डकोटा नागपूरहून उडताच कोसळले. विमानातील १४ जणांपैकी १३ दगावले. वाचला तो वैमानिक. तो अपघात इंजिन तापल्याने झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु जमीन सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत इंजिनाकडून सर्वाधिक शक्ती घेतली जाते, वारा सर्वांत कमी असतो आणि चुकीला माफी जवळजवळ नसते, हे त्या रात्रीकडे पाहून ध्यानात येते.

मग साहजिकच असा विचार येतो की ही मिनिटे जमिनीवरच, जीव धोक्यात न घालता शिकवता आली तर किती बरे! हा विचार नवा नाही. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भाते आणि हवेच्या नळ्या वापरून १९२९ साली लिंकने एक ठेंगणे विमान केले. ते एका बैठकीवर डुले, वळे, वाकडे होई. सुरुवातीला ते जत्रेतील करमणूक म्हणूनच अधिक खपले. १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराकडे अचानक हवाई डाक वाहण्याचे काम आले. रात्री आणि धुक्यात केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याची सवय नसल्याने थोड्याच आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. त्यानंतर लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलर देऊन लिंकची सहा यंत्रे घेतली. पुढे महायुद्धात याच यंत्रांवर लाखो तरुण शिकले. म्हणजे लुटूपुटूच्या विमानाला मान मिळाला तो डाकेमुळे आणि मृत्यूंमुळे.

परंतु लिंकच्या विमानात एक उणीव होती. ते दिशा, उंची, वेग आणि तोल शिकवी; इंजिनाच्या तापाचा धाक मात्र त्यात नव्हता. भात्यावर चालणारे यंत्र तापणार कसे? विद्यार्थी वाटेल तेवढी शक्ती घेऊन वाटेल तितक्या तीव्र चढणीने वर जाऊ शके आणि त्याचे काहीच बिघडत नसे. जे शिकवले नाही त्याचे अज्ञान राहते, एवढ्यावर हे थांबत नाही. ज्याची शिक्षा कधीच होत नाही, ते चालते, अशी सवय हाताला लागते.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे पाऊल १९४८ साली पडले. रिचर्ड डेमेल यांच्या विद्युत्-गणनेच्या पद्धतीवर कर्टिस-राइट कंपनीने पॅन अमेरिकन कंपनीसाठी बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझर या विमानाचे संपूर्ण अनुकरण करणारी खोली बांधली. ती हलत नव्हती, खिडकीबाहेर काही दिसत नव्हते. परंतु आत वैमानिकांच्या आणि फ्लाइट इंजिनिअरच्या समोरची सारी उपकरणे जिवंत होती आणि शिक्षक वाटेल तो बिघाड त्यांच्यावर लादू शके. खऱ्या स्ट्रॅटोक्रूझरला प्रत्येकी २८ सिलिंडरांची चार इंजिने होती. त्यांचा ताप सांभाळणे हे फ्लाइट इंजिनिअरचे पूर्णवेळ काम होते आणि त्याची तालीम आता त्या खोलीत होऊ लागली.

पुढे जेट विमाने आली, दट्ट्याची मोठी इंजिने मागे पडली आणि मोठ्या कंपन्यांच्या सिम्युलेटरांत या विद्येला जागा उरली नाही. मग तिने अनपेक्षित ठिकाणी आसरा घेतला. १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी घरगुती संगणकावर चालणारे विमान तयार केले आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने ते आपल्या नावे बाजारात आणले. त्या विमानांत बराच काळ इंजिन म्हणजे केवळ एक आवाज होता. परंतु हौशी मंडळींना ते पटेना. या शतकात काही रचनाकारांनी असे इंजिन लिहिले की जे तापते, झिजते आणि एका उड्डाणात झालेले नुकसान दुसऱ्या उड्डाणात विसरत नाही. एटूए सिम्युलेशन्स या मंडळींनी त्यासाठी हाताळलेल्या सुरुवातीच्या विमानांत तेच जुने स्ट्रॅटोक्रूझर होते, हा योग मोठा सूचक आहे.

संगणकातील इंजिन तापते कसे, हेही सोप्या शब्दांत सांगता येईल. दुकानदार जसा रोजची आवक-जावक मांडतो, तसा संगणक दर क्षणाला उष्णतेचा हिशेब मांडतो. किती पेट्रोल जळले त्यावरून आवक. विमानाचा वेग, हवेची घनता, बाहेरचा उष्मा, झडपांची स्थिती आणि मिश्रणाची दाटी यांवरून जावक. बाकी उरते ती धातूत साठते. धातूला वजन असल्यामुळे ती बाकी काट्यावर लगेच दिसत नाही. दिसायला काही मिनिटे लागतात. तेलाचा काटा तर त्याहूनही मागाहून बोलतो. या विद्येचे मर्म याच विलंबात आहे. काटा लाल रेघेवर गेल्यावर जो झडपा उघडतो, त्याने उपाय केला खरा, पण काही मिनिटे उशिरा. जाणता वैमानिक काट्याचा आकडा पाहतोच, पण काटा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे, हे अधिक पाहतो. आज शिकाऊ विमानांत सर्रास आढळणाऱ्या लायकॉमिंग इंजिनांना सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा सामान्यतः ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेंटिग्रेड दिलेली असते. परंतु इंजिन दीर्घायुषी व्हावे असे वाटत असेल तर नित्याचा प्रवास त्याच्या बराच खाली करावा, असे त्याच कंपनीचे सांगणे आहे.

येथे एक सावधगिरीचा इशाराही दिला पाहिजे. संगणकातील इंजिन खरे बोलते ते त्याच्या लेखकाला जेवढे खरे माहीत असेल तेवढेच. उदाहरणार्थ, उंचावरून उतरताना शक्ती एकदम कमी केली तर तापलेले सिलिंडर अचानक थंड पडून तडकतात, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. काही अनुभवी मंडळी हे भय अतिशयोक्त मानतात आणि अति तापच खरा दोषी ठरवतात. संगणकातील एखादे इंजिन अशा वेळी लगेच फुटत असेल, तर तो निसर्गाचा निकाल नसून लेखकाचे मत असू शकेल. म्हणून तालमीत शिकलेले खऱ्या विमानाच्या पुस्तकाशी आणि जाणत्या गुरूशी ताडून पाहावे.

आपल्या जिल्ह्याचा विचार करू. गोंदियाजवळची बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे भारतीय विमानपत्तन प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या सहकार्याने राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. लिंकच्या भात्यांपासून सुरू झालेली तालमीची परंपरा आज जगभर ज्या मोजक्या कंपन्या चालवतात, त्यांतील ही एक. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली तेथे येतात आणि ज्या उन्हात आपण बांध्या तुडवतो, त्याच उन्हात उडायला शिकतात. अलीकडच्या कित्येक इंजिनांत मिश्रणाचा हिशेब संगणकच ठेवतो आणि वैमानिकाच्या हाती एकच दांडा उरतो. मग ही जुनी विद्या कशाला, असे कोणी विचारील.

त्यावर आमचे उत्तर असे. दांडे कमी झाले तरी उष्णतेचा नियम बदललेला नाही. उष्ण हवा विरळ असते. तिच्यात पंख कमी उचलतात, इंजिन कमी ओढते आणि वाराही कमी थंड करतो. भर दुपारी तीव्र चढण घेतली तर संगणकाने सांभाळलेले इंजिनही तापणारच. तेव्हा नाक थोडे खाली करून वेग घ्यावा, हा १९४४ सालच्या खरगपूरचा धडा आजच्या विद्यार्थ्यालाही कामी येतो. तो धडा त्याला खऱ्या आगीशेजारी बसून शिकावा लागू नये, एवढ्यासाठीच तर लुटूपुटूचे विमान.

मात्र शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. तालमीत इंजिन बिघडले की कळ दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची सोय असते. ही सोय विद्यार्थ्याला सहजी देऊ नये. ज्याच्या हलगर्जीने इंजिन तापले, त्याला तेच तापलेले इंजिन घेऊन विमान धावपट्टीवर उतरवायला लावावे. त्या दहा मिनिटांत त्याच्या कपाळावर येणारा घाम खरा असतो. जे यंत्र जळत नाही तेही ताप शिकवू शकते, पण त्याची एक अट आहे. झालेली चूक त्याने पुसून टाकता कामा नये.